तेरावी फेरी

"मामा, तुमचा मार्सियानो आज हेवीवेट म्हणून उभासुद्धा राहिला नसता."

भाच्याने हे इतक्या सहज सांगितलं की राग यायला मला दोन-तीन सेकंद लागले. आणि राग आला तो ते बऱ्यापैकी खरं होतं म्हणून. रॉकी मार्सियानोने १९५२ मध्ये बॉक्सिंगमधला हेवीवेटचा, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचा, किताब जिंकला तेव्हा त्याचं वजन १८४ पौंड भरलं होतं. आज २०० पौंडांपर्यंतच्या माणसाला क्रूझरवेट म्हणतात, हेवीवेट त्याच्या वर सुरू होतो. ४९ लढती, ४९ विजय, ना हार ना बरोबरी. कारकीर्दभर अजिंक्य राहिलेला हा एकमेव हेवीवेट विजेता, आणि आजच्या वजनकाट्यापाशी त्याला कोणीतरी म्हणालं असतं, बाबा रे, तुझी रांग ती पलीकडची.

आमच्यात हा वाद गेली कित्येक वर्षं चालू आहे. पक्ष तीन. अण्णा माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, ते अलीचे. भाचा टायसन फ्युरी आणि उसिकच्या काळातला. मी मधला, मूळचा माइक टायसनचा. (फ्युरीचं 'टायसन' हे नाव त्याच्या वडिलांनी माइकवरूनच ठेवलं, ही गोष्ट मी भाच्याला वर्षातून दोनदा तरी ऐकवतो.) कुणी विचारेल, मग मार्सियानो 'तुमचा' कसा? त्याचं कारण टायसनच आहे. प्रशिक्षक कस डमाटोच्या घरी वाढत असताना हा पोरगा जिम जेकब्जच्या संग्रहातल्या जुन्या लढतींच्या फिल्म तासन्‌तास बघायचा. काळी चड्डी, मोजे नाहीत, अंगावर झगा नाही, कानावरचे केस बारीक कापलेले, हा सगळा थाट जुना विजेता जॅक डेम्प्सी याच्या जमान्यातला. टायसनवर जीव जडला की तो तुम्हाला हाताला धरून मागे नेतो. मी डेम्प्सीपर्यंत गेलो आणि परत येताना मार्सियानोपाशी रेंगाळलो. दोघंही पाच फूट दहा इंचांचे. दोघंही उंच माणसाच्या छातीखाली शिरून वर बघणारे.

तर वाद असा, की कोण कोणाला हरवेल. १९६६ चा अली की १९८८ चा टायसन? जो लुई की लेनॉक्स लुइस? (इंग्रजीत दोघांच्या नावाचा उच्चार एकच, स्पेलिंग तेवढं वेगळं. मराठीत मी थोरल्याला जो म्हणतो आणि धाकट्याला लेनॉक्स, म्हणजे भांडताना घोळ होत नाही.) आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणून शहाणी माणसं जर-तरचे विषय मिटवतात. आम्ही तिथे सुरुवात करतो. मिशा लावून झाल्या की काकांना रिंगमध्ये उतरवायचं आणि ते कितव्या फेरीत पडतील यावर मैत्री पणाला लावायची.

कितव्या फेरीत, हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण अलीकडे मला या सगळ्या वादात एकच फेरी दिसते. तेरावी.

१८ जून १९४१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. जो लुई चार वर्षं विजेता आहे. समोर बिली कॉन, लाइट हेवीवेटचा, म्हणजे खालच्या वजनगटाचा, माजी विजेता, जोपेक्षा कितीतरी हलका. बारा फेऱ्या संपतात तेव्हा तीन गुणपत्रिकांपैकी दोनांवर कॉन पुढे आहे, तिसरीवर बरोबरी. उरलेल्या तीन फेऱ्या नुसतं लांब राहून, जॅब (पुढच्या हाताचे सरळ, झटपट ठोसे) मारत, पाय हलवत काढल्या असत्या तरी किताब त्याचा होता. कोपऱ्यातले लोक त्याला हेच सांगत होते. पण बाराव्या फेरीत त्याने जोला हलवलं होतं, आणि ते त्याच्या डोक्यात गेलं. तेराव्या फेरीत तो जोला नॉकआउट करायला गेला. जो लुईच्या समोर थांबून ठोसे मारायचे म्हणजे काय, हे त्या फिल्ममध्ये दिसतं. जो धावत नाही, नाचत नाही. पाय जवळजवळ सरपटत पुढे येतात, आणि हात वीतभर अंतर कापतात, जास्त नाही. कॉन पडला तेव्हा फेरी संपायला दोन सेकंद उरले होते.

२३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. विजेता जर्सी जो वॉलकॉट, वय ३८. पहिल्याच फेरीत त्याने डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, मार्सियानोला खाली बसवलं. रॉकी त्याआधी आयुष्यात कधी पडला नव्हता. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पत्रिकांवर वॉलकॉट पुढे. मग तेरावी फेरी. वॉलकॉट दोरांकडे सरकतो, दोघांचेही उजवे हात एकाच वेळी निघतात, आणि मार्सियानोचा आखूड हात आधी पोचतो. त्या क्षणाचा फोटो बॉक्सिंग बघणाऱ्या कोणीही विसरत नाही. वॉलकॉटचा चेहरा चेहऱ्यासारखा दिसतच नाही, ओल्या मातीवर कुणी मूठ दाबावी तसा. पण मला फोटोपेक्षा फिल्ममधले पुढचे तीन सेकंद जास्त आठवतात. त्याचा डावा हात मधल्या दोराला अडकतो, आणि सगळं शरीर सुटून गेलेलं असताना तो एक हात क्षणभर त्याला धरून ठेवतो. मग तोही सुटतो. वॉलकॉट गुडघ्यांवर, कपाळ जमिनीला टेकवून.

आज हेवीवेटच्या किताबाची लढत बारा फेऱ्यांची असते. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा डक कू किम चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर एकेक संघटना पंधरावरून बारावर आली, आणि दशक संपेपर्यंत तेरावी, चौदावी, पंधरावी या फेऱ्या नाहीशा झाल्या. ते योग्यच झालं. पण त्याच्याबरोबर काय गेलं ते बघा. आजच्या नियमांत कॉन १९४१ मध्ये हेवीवेटचा विजेता होतो. जो लुईचे किताबाचे सलग २५ यशस्वी बचाव, जो आकडा अजून कोणी गाठलेला नाही, तो तिथेच तुटतो. आजच्या नियमांत वॉलकॉट किताब राखतो आणि मार्सियानोच्या ४९ पुढचं ते सुंदर शून्य एक होतं.

मी हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला भाच्याची आठवण झाली आणि मी ते त्याला सांगितलं नाही. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे, पण बाराच फेऱ्या आहेत हे माहीत असतं तर रॉकी आधीच पेटला नसता का?" बरोबर आहे. पंधरा फेऱ्यांचा माणूस दम पंधरा फेऱ्यांत वाटून ठेवतो. त्याला बारा सांगितल्या की तो वेगळा माणूस होतो. आणि १९१५ ला हवानामध्ये जॅक जॉन्सन आणि जेस विलर्ड पंचेचाळीस फेऱ्यांसाठी उतरले होते, ती लढत सव्विसाव्या फेरीत संपली. त्यांना तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार की बारा?

ग्लोव्हज तसेच. जो लुई सहा औंसांचे घालायचा, आज दहाचे घालतात. जादा गादीमुळे मारणाऱ्याचा हात सांभाळला जातो आणि तिच्यामागे चेहराही जास्त लपवता येतो. पडलेल्या माणसाचंही तसंच. ४ जुलै १९१९ ला टोलीडोमध्ये डेम्प्सीने विलर्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडलं, १८७ पौंडांच्या माणसाने २४५ पौंडांच्या माणसाला. पण त्या वेळी पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचा नियम नव्हता. विलर्डचा गुडघा जमिनीवरून उचलला जायची वाट बघत डेम्प्सी त्याच्या शेजारीच उभा दिसतो. आजचा पंच (मराठीत पंच म्हणजे मारणारा नव्हे, थांबवणारा, ही आपल्या भाषेची गंमत) दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच मध्ये पडला असता.

म्हणजे कोण जिंकेल हे ठरवायच्या आधी कुणाच्या घरी लढायचं ते ठरवावं लागतं. आणि ते ठरवताना प्रत्येकाचा हात हळूच आपल्या माणसाकडे वळतो. मी फेऱ्या पंधरा मागतो. भाचा ग्लोव्हज दहा औंसांचे मागतो. अण्णा काहीच मागत नाहीत, फक्त तारीख मागतात.

त्यांचा अली ठरलेला आहे: १४ नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, समोर क्लीव्हलँड विल्यम्स. तीन फेऱ्यांत संपलेली ती लढत बघताना अण्णा अजूनही खुर्चीच्या कडेवर बसतात. हात कमरेपाशी, डोकं ठोशापासून बोटभर मागे, आणि मागे सरकता सरकता मारलेले ठोसे. २८ एप्रिल १९६७ ला अलीने सैन्यात जायला नकार दिला, परवाना गेला, किताब गेला. १९६७ चा मार्च ते १९७० चा ऑक्टोबर, वयाची पंचवीस ते अठ्ठावीस, हा माणूस रिंगमध्ये नव्हता. परत आला तो पायांनी जडावलेला. तेव्हा जगाला, आणि बहुधा त्यालाही, कळलं की त्याला मार खाता येतो. जो फ्रेझर, जॉर्ज फोरमन, मनिलातली फ्रेझरशीच तिसरी लढत, ज्या लढतींसाठी अली अली झाला त्या सगळ्या या दुसऱ्या अलीच्या. अण्णांचा अली सर्वांत चांगल्या वयात कुणाशीच लढला नाही. तो स्वतःच एक जर-तर आहे. हे मी त्यांना एकदा म्हणालो आणि आठवडाभर फोन आला नाही.

एका काळातली माणसं घ्या, एकमेकांशी प्रत्यक्ष लढलेली, तरी हिशोब जुळत नाही. फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं, पंधराव्या फेरीत पाडलं सुद्धा. त्याच फ्रेझरला फोरमनने १९७३ मध्ये किंग्स्टनला दोन फेऱ्यांत सहा वेळा लोळवलं. केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला आणि लढतही जिंकली. पुढच्या वर्षी फोरमनने नॉर्टनला दुसऱ्या फेरीत झोपवलं. आता त्रैराशिक मांडा. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासामध्ये अलीला स्ट्रेचरवरून न्यावं लागणार हे उत्तर येतं. तो दोरांना टेकून फोरमनचे ठोसे खात राहिला आणि आठव्या फेरीत फोरमन थकून कोसळला. बॉक्सिंगवाले म्हणतात, लढत शैलीशी शैलीची असते. लहानपणीच्या दगड-कागद-कात्रीत सर्वांत भारी कोण, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही.

तरीही यंत्राला विचारून झालंय. १९६७ मध्ये मरी वोरोनर नावाच्या मायामीच्या रेडिओ-निर्मात्याने सोळा हेवीवेटची माहिती एका एनसीआर ३१५ संगणकात घातली आणि स्पर्धा घेतली. निकाल रेडिओवरून खऱ्या लढतींसारखे, फेरीगणिक ऐकवले. अंतिम सामन्यात मार्सियानोने डेम्प्सीला हरवलं. अली कुठे गेला? तो उपांत्यपूर्व फेरीत जिम जेफ्रीज या फार जुन्या विजेत्याकडून हरला. अलीने बदनामीचा दावा ठोकला, दहा लाख डॉलरचा. माझ्या मते संगणकावर चिडणाऱ्या माणसांचा तो मूळपुरुष.

तडजोड झाली ती दाव्यापेक्षा विचित्र. अली आणि मार्सियानो, दोघांनी खरोखर रिंगमध्ये उतरायचं, कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीचं लढायचं, आणि निकाल संगणक सांगेल तो. १९६९ मध्ये मायामीच्या एका स्टुडिओत हे झालं. अलीला लढायची बंदी होती, पैशांची चणचण होती, वय २७. मार्सियानो ४५ वर्षांचा, शेवटची लढत १९५५ ची. त्याने पोट उतरवलं आणि डोक्यावर टोप चढवला. प्रेक्षक नाहीत. एकेक मिनिटाच्या फेऱ्या, सत्तरच्या वर. डोक्यावरचे ठोसे आवरते, अंगावरचे तितके आवरते नव्हेत, असं म्हणतात. प्रत्येक शक्य शेवट चित्रित करून ठेवला, कारण यंत्राने काय सांगितलंय ते दोघांनाही माहीत नव्हतं.

ही फिल्म मी पहिल्यांदा हसण्यासाठी लावली होती. रंग लालसर, रक्त खोटं, टोप बेतास बात. पण मधेच एक जागा येते. अली जॅब मारत गोल फिरतोय, आणि मार्सियानो खाली वाकून, खांदा पुढे करून, त्याला दोरांकडे दाबत जातोय. त्या काही सेकंदांत दोघंही नाटक विसरल्यासारखे वाटतात. एकाला गेली दोन वर्षं लढायला मिळालेलं नाही, दुसऱ्याला चौदा वर्षं. दोघंही आपापल्या हक्काच्या दिवसांच्या बाहेर उभे आहेत. मी हसायचा थांबलो.

३१ ऑगस्ट १९६९ ला, चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत, आयोवामध्ये विमान कोसळून मार्सियानो गेला. दुसऱ्या दिवशी तो ४६ वर्षांचा झाला असता. जानेवारी १९७० मध्ये फिल्म थिएटरांत लागली. अमेरिकेत दाखवलेल्या प्रतीत मार्सियानो नॉकआउटने जिंकतो. कितव्या फेरीत? तेराव्या. युरोपात दुसरा शेवट दाखवला, त्यात अली जिंकतो. यंत्रालाही प्रेक्षक बघून निकाल द्यावा लागला.

वयाचा आणि प्रेमाचा संबंध मला नॅट फ्लायशरमुळे कळला. १९२२ मध्ये 'द रिंग' हे मासिक काढणारा, पन्नास वर्षं रिंगच्या कडेला बसलेला माणूस. त्याने त्याच्या यादीत पहिला नंबर दिला जॅक जॉन्सनला. दुसरा जेफ्रीजला. अलीला पहिल्या दहांत जागा नाही. हे वाचून अण्णा पेटले होते. मी फ्लायशरचं जन्मसाल काढलं: १८८७. जॉन्सनने सिडनीला टॉमी बर्न्सला हरवून किताब घेतला तो १९०८ मध्ये. तेव्हा फ्लायशर एकवीस वर्षांचा होता. मग मी अण्णांचं जन्मसाल काढायला लागलो तर त्यांनी विषय बदलला. माझंही वेगळं नाही. २७ जून १९८८, मायकेल स्पिंक्स, ९१ सेकंद. कोवळ्या वयात ज्याने हे पाहिलं त्याला पुढे लेनॉक्सने २००२ मध्ये मेम्फिसला टायसनची काय अवस्था केली ते दाखवून काही उपयोग नसतो. तो म्हणणार, तो टायसन नव्हताच.

भाच्याचा मुद्दा मात्र प्रेमाचा नाही, मापाचा आहे, आणि तो टाळता येत नाही. फ्युरी सहा फूट नऊ इंच. लेनॉक्स, क्लिच्को बंधू, सगळे साडेसहा फुटांच्या आसपास. मार्सियानोची हाताची पोच ६८ इंच, जवळजवळ सगळ्या हेवीवेट विजेत्यांत सर्वांत आखूड. तो छातीखाली शिरणार कसा? मी डेम्प्सी-विलर्ड काढतो. जो लुईने प्रिमो कार्नेराला काढलं ते काढतो. भाचा म्हणतो, "ते मोठे होते, पण चांगले होते का?" आणि मी गप्प होतो, कारण विलर्डला जॅब होता, पण फ्युरीसारखे पाय नव्हते.

मग १८ मे २०२४ आला. रियाधमध्ये उसिकने फ्युरीला हरवलं. सहा फूट तीन इंचांचा, क्रूझरवेटमधून वर आलेला, वजनात जवळजवळ चाळीस पौंडांनी कमी असलेला माणूस. डिसेंबरमध्ये पुन्हा हरवलं. मी त्या रात्री भाच्याला फक्त एवढंच लिहिलं: "पलीकडची रांग?" त्याचं उत्तर सकाळी आलं, आणि ते चांगलं होतं. "उसिकने तुमच्या सगळ्यांच्या फिल्म पाहिल्यात, मामा. तुमच्यातल्या कुणी उसिक पाहिला नाही."

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. काळयंत्रात बसवून माणसं आणायची तर पुढून येणारा शिकून येतो आणि मागून येणारा कोराच येतो. डेम्प्सीला टायसन पाठ असता तर?

आणि काही माणसं तर काळयंत्रातही बसत नाहीत, कारण त्यांना त्यांच्या स्वतःच्या काळातच रिंगमध्ये येऊ दिलं नाही. एकोणिसाव्या शतकातला विजेता जॉन सुलिव्हन काळ्या मुष्टियोद्ध्यांशी लढला नाही, त्यामुळे पीटर जॅक्सनला संधी मिळालीच नाही. हॅरी विल्स वर्षानुवर्षं डेम्प्सीच्या दारात उभा होता; ती लढत झाली नाही. सॅम लँगफर्डला तर काळ्या विजेत्यानेही, जॉन्सननेही, किताब हाती आल्यावर पुन्हा संधी दिली नाही. १९१५ मध्ये जॉन्सन हरल्यापासून १९३७ मध्ये जो लुई जिंकेपर्यंत हेवीवेटच्या किताबासाठी एकाही काळ्या माणसाला उतरवलं गेलं नाही. बावीस वर्षं. डेम्प्सी विरुद्ध टायसन काय होईल यावर आम्ही घसे कोरडे करतो. डेम्प्सी विरुद्ध विल्स त्याच शहरांत, त्याच वर्षांत होऊ शकत होती, आणि तिच्यावर आमच्यातलं कोणीच भांडत नाही. मीही नाही. हे लिहितानाच लक्षात आलं.

खरं तर दोन पिढ्यांचे महान हेवीवेट प्रत्यक्ष भिडलेलेही आहेत. एकदा नव्हे, अनेकदा. फक्त त्या लढती आम्ही वादात घेत नाही.

जेफ्रीज अजिंक्य म्हणून १९०५ मध्ये निवृत्त झाला, शेती करत होता, वजन तीनशे पौंडांच्या वर गेलं होतं. जॉन्सनला गप्प करायला गोरा माणूस हवा म्हणून त्याला उठवलं. शंभरेक पौंड उतरवून ४ जुलै १९१० ला तो रीनोच्या उन्हात उभा राहिला आणि पंधराव्या फेरीत संपला. माझ्या भरातल्या दिवसांतही मला जॉन्सनला मारता आलं नसतं, असं तो नंतर म्हणाल्याची नोंद आहे. आमच्या वादाला प्रत्यक्ष वादीनेच दिलेलं ते एकमेव उत्तर असेल, आणि तेही कुणी ऐकत नाही.

२६ ऑक्टोबर १९५१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. जो लुई ३७ वर्षांचा, करांच्या थकबाकीपायी परत आलेला. समोर मार्सियानो, ज्याचा आदर्श जोच होता. आठव्या फेरीत जो दोरांमधून बाहेर पडला, एक पाय आत, डोकं बाहेर. मार्सियानो नंतर जोच्या खोलीत जाऊन रडला म्हणतात.

२ ऑक्टोबर १९८० चं तर मी एकदाच पूर्ण पाहिलंय. लॅरी होम्स हा अलीच्या सरावाच्या तळावर त्याचा ठोसे झेलणारा जोडीदार होता. आता तो विजेता, आणि ३८ वर्षांचा अली केस काळे करून, वजन उतरवून, थायरॉइडच्या गोळ्या घेऊन आलेला, दिसायला देखणा. घंटा झाली आणि कळलं की आत काहीच नाही. तिन्ही पत्रिकांवर दहाच्या दहा फेऱ्या होम्सच्या. होम्स मारता मारता पंचाकडे बघतोय: थांबवा ना. दहाव्या फेरीनंतर अँजेलो डंडीने थांबवलं. होम्स रडला. अण्णा ही लढत कधीच लावत नाहीत आणि आम्ही कधी विचारत नाही.

सव्वासात वर्षांनी होम्स स्वतः ३८ चा होता आणि समोर टायसन होता. अली त्या रात्री रिंगमध्ये पाहुणा म्हणून आला होता. अलीने कानात सांगितलं, 'माझ्यासाठी याला ठोक', असं टायसन पुढे सांगायचा. चौथ्या फेरीत संपलं. मी तेव्हा आनंदाने ओरडलो होतो. आज ती फिल्म लागली की मला होम्सचा जॅब दिसतो, तो जगातला सर्वोत्तम जॅब, जो वयामुळे अर्धा क्षण उशिरा निघतो.

अपवाद एकच, फोरमन. किन्शासाला पडल्यावर वीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९९४ ला, ४५ वर्षांचा फोरमन तीच लाल चड्डी घालून मायकेल मूररसमोर उभा राहिला. मूरर २६ चा. फोरमनच्या कोपऱ्यात अँजेलो डंडी, म्हणजे किन्शासाला अलीच्या कोपऱ्यात असलेलाच माणूस. नऊ फेऱ्या फोरमन मागे. दहाव्यात एक आखूड उजवा ठोसा, हनुवटीवर, आणि मूरर पाठीवर. फोरमन कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला. अण्णा म्हणतात, बघा, सत्तरचं दशक किती भारी होतं, त्यातला म्हातारासुद्धा विजेता होतो. भाचा म्हणतो, म्हातारा फोरमन तरुणापेक्षा हुशार होता, दम राखून लढायचा. तरुण फोरमन मूररसमोर पाचव्या फेरीत दमला असता. एकच ठोसा, एकच फिल्म, आणि दोघांच्या हाती दोन पुरावे.

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला. "जो लुई विरुद्ध उसिक. बोला."

मी विचारलं, "फेऱ्या किती?"

"बारा. अर्थात."

"पंधरा असतील तर बोलतो."

बराच वेळ काही नाही. मग आलं: "चालेल. पण ग्लोव्हज दहा औंसांचे."

मी अण्णांना फोन लावला. साडेअकरा वाजून गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा शोधल्याचा आवाज आला, आणि मग म्हणाले, "जो कुठला धरायचा? अडतीसचा की एकेचाळीसचा?"